भूतदया आणि तेलाचा रिकामा डबा



एका वारकरी भगिनीने आम्हांस विचारिले आहे की, "एकादशीला घरात धान्य शिजत नाही. मग अंगणात चिमण्यांसाठी जो डबा टांगला आहे, त्यात त्या दिवशी तांदळाची कणी घालावी, की वरीचे दाणे घालावे?" हा प्रश्न वाचून कोणासही हसू येईल. आम्हांसही आले, हे कबूल करतो. पण हसू ओसरल्यावर ध्यानात आले की, या बाईने चिमणीस घरच्या माणसांत धरिले आहे, म्हणून तर तिच्या उपवासाची हिला काळजी! उत्तर शेवटी देऊ. आधी डब्याविषयीच चार गोष्टी बोलणे अगत्याचे आहे, कारण डबा टांगण्यात आम्ही स्वतः एकदा मोठी चूक करून बसलो आहोत, आणि ती झाकून ठेवणे आम्हांस बरे वाटत नाही.

सज्जनहो, आमच्या लहानपणी चिमण्यांसाठी कोणी काही टांगीत नसे. गरजच नव्हती. सकाळी माय अंगणात सूप घेऊन बसली की पाखडताना कणी, चुरी, पोचट दाणे खाली पडत आणि चिमण्या तिच्या पायांशी येऊन ते टिपीत. तिने त्यांस दान दिले असे कोणी म्हणत नसे, तिलाही तसे वाटत नसे. जेवायला बसताना वडील ताटाभोवती चित्राहुती घालीत, ती भाताची शिते शेवटी कावळ्याच्या, नाही तर मुंगीच्या मुखी जात. घरात वैश्वदेव होता तिथे काकबळी होता. लेकराला भरविताना एक घास चिऊचा, एक काऊचा, असे म्हटल्याशिवाय घास तोंडात जात नसे. आणि चिमणीचे घरटे कुठे? वळचणीला, कौलाच्या फटीत, नाही तर थेट भिंतीवरच्या पांडुरंगाच्या तसबिरीमागे! काड्या देवावर पडत. माय त्या झाडून टाकी, पण घरटे काढीत नसे.

आता तांदूळ निवडून, पॉलिश होऊन, पिशवीत बंद होऊन येतो. पाखडायचे काय? स्लॅबच्या घराला वळचण नाही, भिंतीला भोक नाही. शेतात फवारणी होते, त्यामुळे किडे कमी. चिमणीची पिले पहिले काही दिवस दाण्यावर नव्हे, किड्या-अळ्यांवर वाढतात, हे पुष्कळांस ठाऊक नसते. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी या घरच्या चिमणीसाठी काम उभे केले आणि २०१० पासून २० मार्च हा दिवस जगभर चिमणीचा दिवस म्हणून पाळला जातो. घरातल्या माणसाचा असा वेगळा दिवस पाळायची वेळ केव्हा येते? ते माणूस घरातून निघून चालले की! तेव्हा डबा टांगण्यात फार मोठे पुण्य आहे असे समजण्याचे कारण नाही. पूर्वी सुपातून जे आपोआप सांडत होते, ते आपण बंद केले. तेच आता डब्यात घालतो.

असो. आता आलापल्लीची हकीकत.

मागल्या चैत्रात एका सप्ताहाच्या निमित्ताने आम्ही आलापल्लीस गेलो होतो. गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातले हे गाव. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा सारा मुलूख चंद्रपुरात मोडे. येथून एक वाट सिरोंच्याकडे जाते, एक भामरागडाकडे, एक एटापल्लीकडे, आणि कुठेही निघा, दोहों बाजूंस सागवान. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातलेच सागवान बल्लारपुराहून वाजतगाजत गेले. आलापल्लीजवळ 'वनवैभव' नावाचा सुमारे ६ हेक्टरांचा जुना वनखंड आहे. १९५३ पासून तो कुऱ्हाडीपासून राखला, आणि २०१४ साली त्यास जैवविविधतेचे वारसास्थळ म्हणून मान मिळाला. त्यातील सागाच्या बुंध्याशी उभे राहून वर पाहिले तर डोक्यावरची टोपी पडते! बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, माडिया अशा बोल्या एकाच वेळी कानी येतात. हरिपाठ मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच.

सप्ताहात दुसऱ्या दिवशी आमचे निरूपण भूतदयेवर झाले. नामदेवराय पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, नाथांनी तहानेल्या गाढवास कावडीतले गंगाजल पाजिले, या कथा आम्ही रंगवून सांगितल्या. लोक डोलले. मग आम्हांस वाटले, नुसते बोलून काय उपयोग? काही करून दाखवावे. मांडवामागे महाप्रसादाच्या तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे पडले होते, पंधरा किलोवाले. त्यातला एक उचलला, दोन बाजूंस कात्रीने खिडक्या कापल्या, तार ओवली, आत ज्वारी-तांदूळ घातले, आणि ओसरीच्या खांबाला बांधला. छातीइतक्या उंचीवर. का? तर मांडवात बसलेल्या मंडळींस दिसावा म्हणून.

यजमान भिडस्त गृहस्थ. त्यांनी हळूच विचारिले, "महाराज, एवढं रान असताना पाखरायले डबा कायले?" आम्ही त्यांस काहीतरी गोडसे उत्तर दिले. खरे उत्तर त्या वेळी आमच्याजवळ नव्हते. आज देतो. रानपाखरांस आपल्या डब्याची गरज नाही. हरियल, हळद्या, धनेश यांचे अन्न उंबर, वड, पिंपळावर आहे. ती झाडे राखली की झाले. पण चिमणी ही रानातली नव्हेच. दाट सागवानात हिंडून पाहा, घरचिमणी सापडायची नाही. ती माणसाच्या घराच्या आश्रयाने राहते, माणसाने वस्ती केली की मागून येते. तिने आपला शेजार निवडला आहे. म्हणून आलापल्लीसारख्या रानातल्या गावीही तिची भूक ही रानाची नसून गावाची जबाबदारी आहे.

तर, पहिल्या दिवशी चिमण्या आल्या, होले आले, साळुंक्यांनी भांडण मांडले. आम्ही प्रसन्न! तिसऱ्या दिवशी पहाटे काकड्यास निघालो, तो डब्याखाली पिसे पडलेली. दोन चिमण्यांची, असे मागून कळले. मांजर रात्रभर ओसरीवरच झोपत असे, आणि डबा तिच्या एका उडीत होता. यजमानांच्या मातोश्री केरसुणी घेऊन पिसे गोळा करीत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "महाराज, हे पाखरायचं ताट नाई, मांजरीचं हाय. तुमाले दिसावं म्हणून खाली बांधलं नं?"

माउलींनो, त्या दिवशी काकड्यात आमचा आवाज लागला नाही. आजींच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त लागले. 'तुमाले दिसावं म्हणून' हे तीन शब्द खरे होते. डबा चिमणीसाठी नव्हता, आमच्या निरूपणासाठी होता. मांजरीस दोष देणार कोण? तिने आपला धर्म केला.

तुकोबारायांच्या चरित्रात एक गोष्ट सांगतात. महाराज वाटेने जात असता शेतात पाखरे दाणे टिपीत होती, ती त्यांस पाहून भुर्रकन उडाली. आपण असतो तर पुढे गेलो असतो. पाखरे उडतातच, त्यात काय! पण महाराज तिथेच थांबले. त्यांस वाटले, सर्वांभूती एकच परमात्मा म्हणतो आणि पाखरांस माझे भय वाटते, तर माझ्यात अजून भयाचे कारण उरले आहे. ते तसेच निश्चल उभे राहिले, आणि पाखरे भय सोडून त्यांच्या अंगाखांद्यावर येऊन बसेपर्यंत हलले नाहीत. ही कथा आम्ही शंभर वेळा सांगितली असेल. आम्ही ती चमत्कार म्हणून सांगत होतो. आलापल्लीच्या त्या पहाटेनंतर ती आम्हांस निराळी दिसू लागली. पाखराला भय वाटते की नाही, याची परीक्षा पाखराकडे आहे, दात्याकडे नाही. आम्ही दाणे किती घातले हे पाहत होतो. चिमणी बसते कशी, मागे वळून कितीदा पाहते, धोका आला तर उडून जाईल कुठे, हे काहीच आम्ही पाहिले नव्हते.

दुसरीही कथा आहे. एका शेतकऱ्याने महाराजांस पीक राखायला माळ्यावर बसविले आणि त्यांनी पाखरांस मनसोक्त खाऊ दिले. ती सर्वांस पाठ आहे, विस्तार करीत नाही. पण राखणदार हा शब्द ध्यानात ठेवा, त्याचे काम पुढे पडणार आहे.

आजींचा एक नातू होता, दहा-अकरा वर्षांचा. कमरेला गुलेल. आम्ही डबा सोडवीत होतो तेव्हा तो जवळ आला आणि फार सरळपणाने म्हणाला, "सोडता कायले महाराज? पाखरं एका जागी आली का नेम धराले सोपं जाते." आम्ही रागावणार होतो. पण राग गिळला. १९७२ च्या कायद्याने रानपाखरे मारण्यास मनाई आहे, हे खरे. तथापि सप्ताहाच्या पंगतीत दोन वेळा पोटभर जेवलेल्या पाहुण्याने दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजते याची चौकशी करीत नीती सांगू नये, एवढी अक्कल आजींनी सकाळीच दिली होती. आम्ही त्यास उलट विचारिले, "बाळ, तुझा नेमच चुकेल, मांजरही पोचणार नाही, अशी जागा कुठली? तूच दाखव."

पोरगा विचारात पडला. मग त्याने अंगणाला एक फेरी घातली आणि जी जागा काढली ती आम्हांस साता जन्मांत सुचली नसती. परसात आंबा होता. त्याच्या खोडाजवळ नव्हे, तर बाहेर गेलेल्या एका बारीक फांदीला, लांब तारेने. म्हणाला, खोडाजवळ बांधला तर मांजर चढते, ओट्याजवळ बांधला तर उडी मारते. खाली गवत उंच नको, मांजर दबा धरते. आणि आठ-दहा हातांवर बोरीचे काटेरी झुडूप होते, ते तोडू नका म्हणाला, कारण शिकरा आला की पाखरे त्यातच घुसतात आणि "मंग कोणाले गावत नाई." बोर अगदी लगत मात्र नको, त्यात मांजर लपते. मारणाऱ्यास जे कळते ते दया करणाऱ्यास कळलेले नव्हते! आम्ही त्यास तिथल्या तिथे डब्याचा राखणदार नेमिले. त्याने लगेच डब्यालाच नावे ठेविली. "हा पत्रा उनात तापते. बांबूचं पेर घ्या नं."

आणि खरेच, बांबूच्या मुलखात पत्रा कशाला? हातभर लांबीचे जाड पेर घ्यावे, दोन्ही टोकांच्या गाठी राखाव्या, वरच्या अंगाने तिसरा हिस्सा कोयत्याने उतरवून पन्हाळीसारखे करावे आणि दोन्ही टोकांस दोरी बांधून आडवे टांगावे. झाले ताट! तळाशी खिळा तापवून चार-पाच बारीक भोके पाडावी, नाही तर पावसाचे पाणी साचून दाणे कुजतात.

ज्यांच्याकडे बांबू नाही त्यांनी घरातली टाकाऊ वस्तू घ्यावी. नारळाची करवंटी सर्वांत सोपी: तीन भोके, तीन दोऱ्या, वर एक गाठ. पाण्याची प्लास्टिकची बाटली असेल तर धुऊन वाळवावी आणि तुटक्या लाकडी पळ्या आडव्या आरपार घालाव्या, एक या बाजूने, एक त्या बाजूने. पळीच्या खोलगट टोकावरचे भोक किंचित मोठे ठेवावे, म्हणजे दाणा आपोआप पळीत उतरतो आणि दांडीवर पाखरू बसते. खाईल तसा नवा दाणा येतो. तेलाचा डबाच वापरायचा तर आम्ही केले तसे करू नये. आधी राखेने, मग गरम पाण्याने चिकटपणा पार काढावा, कारण पिसांना तेल लागले की पाखराचे पीस निकामी होते. कापलेली प्रत्येक कड पकडीने आत दुमडून ठोकावी. बोट फिरवून पाहावे: आपल्या बोटास जे टोचते ते त्यांच्या पायास कापते. आणि सावलीत टांगावा. चंद्रपूर-गडचिरोलीकडे वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांपुढे जातो, तेव्हा उन्हातल्या पत्र्यावर पाय ठेवून पाहा म्हणजे कळेल.

आलापल्लीपासून दूर नसलेल्या छत्तीसगडात आणि तेलंगणात तर डब्याचीही गरज न ठेवणारी रीत आहे. धान कापले की निवडक लोंब्या गुंफून त्यांची झालर दाराला किंवा ओसरीला टांगतात. दिसायला तोरण, चिमण्यांना शिधा. आमच्या धान पिकविणाऱ्या वाचकांनी ही रीत अवश्य उचलावी, असे आम्हांस वाटते.

आत काय घालावे? ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी, राळे. मीठमसाल्याचे, तळलेले, उरलेसुरले आंबट काही नको. ओल लागलेले शेंगदाणे तर मुळीच नको, त्यांच्या बुरशीत विष असते. अन्नाएवढेच, किंबहुना उन्हाळ्यात अन्नाहून जास्त, पाण्याला महत्त्व आहे. मातीचे उथळ परळ, त्यात दोन-चार खडे, म्हणजे लहान पाखरू बुडत नाही. पाणी रोज बदलावे. डबा आठवड्यास एकदा घासून उन्हात वाळवावा. ही घासण्याची गोष्ट पुष्कळांस जाचते. दाणे घालताना फोटो काढतात, घासताना कोणी काढीत नाही.

पण ती टाळण्याजोगी नाही. विलायतेत घरोघरी पाखरांसाठी दाणापात्रे टांगतात. तिथे २००५-०६ च्या सुमारास ग्रीनफिंच नावाच्या पाखरांत घशाचा एक रोग शिरला, आणि एकाच पात्रात तोंड घालण्यातून तो पसरून लाखो पाखरे मेली. अन्न तेच, प्रेमही तेच, पात्र तेवढे अस्वच्छ!

आपल्याकडचे उदाहरण याहून कठीण आहे. जटायूचे वंशज म्हणून ज्यांस आपण नमस्कार करितो, ती गिधाडे गेल्या शतकाच्या अखेरीस भारतभर पटापट मेली. कोणी मारली नाहीत. गुराढोरांस दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचे औषध देत, ते मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटी जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करी. २००४ साली हे उघड झाले, २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. मग याच गडचिरोली जिल्ह्यात वनविभागाने गिधाडांसाठी औषधाचा अंश नसलेल्या मृत जनावरांची खास जागा केली. लोक तिला गिधाडांचे उपाहारगृह म्हणत. जटायूला निर्धोक जेवण मिळावे म्हणून सरकारी माणसांनी मेलेले ढोर तपासून वाहून न्यावे, यास आम्ही भूतदयाच म्हणतो. तिच्यात सुगंध नाही, एवढेच.

आणि अतिरेकाचेही एक उदाहरण. मुंबईत चौकाचौकांत कबुतरांस पोत्याने दाणे टाकण्याची चाल होती. कबुतरे बेसुमार वाढली, त्यांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ आसपासच्या माणसांच्या फुफ्फुसांत जाऊन दुखणी होऊ लागली. २०२५ च्या पावसाळ्यात कबुतरखाने बंद करण्यावरून मोठी खळबळ झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. दोन्ही बाजूंस धर्माची नावे घेतली गेली. आमचे मत विचाराल तर, शेजारच्या लेकराचा श्वास कोंडेल इतके दाणे ओतणे ही भूतदया नव्हे, कारण ते लेकरूही भूतांतच येते. संध्याकाळपर्यंत संपेल एवढेच घालावे. डब्याखाली सडा पडू लागला तर दुसऱ्या दिवशी निम्मे करावे.

राखणदाराची बातमी सांगायची राहिली. श्रावणात यजमानांचा फोन आला, तेव्हा पोराला बोलावून घेतले. पेराला आणखी दोन भोके पाडली म्हणाला, पाणी निथळत नव्हते. मुनियांचा थवा येऊ लागला आहे. आम्ही भीत भीत विचारिले, "आणि गुलेल?" तो म्हणाला, "हाय नं. पण डब्याच्या पाखरायले मारत नाई." आम्ही यावर काही बोललो नाही. अंगणापुरते अभय तर दिले त्याने. आम्ही कीर्तनकार मंडळी अभयाच्या गोष्टी सांगतो, पण दोन चिमण्या आमच्या डब्याने गेल्या, त्याच्या पेराने अजून एकही गेलेली नाही.

आता भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर. बाई, एकादशी तुमची आहे, चिमणीची नाही. तिला संकल्प नाही, पारणे नाही. पहाटे उठून तिला त्या दिवसापुरतेच पोट भरायचे असते. तेव्हा नेहमीची कणी निःशंक घाला. किंबहुना एक सुचवितो. एकादशीस घरात प्रत्येकाचा भात वाचतो. त्यातली माणशी एक मूठ तांदूळ बाजूला काढून चिमण्यांच्या बरणीत टाका. मूठ पन्नास ग्रॅमची धरली तर पाच माणसांच्या घरी वर्षाच्या चोवीस एकादशांना सहा किलो होतात, अधिक मास आला तर थोडे वर. वर्षभर रोज चिमूट-दोन चिमूट घालायला पुरतात, आणि विकत काही आणावे लागत नाही. वरी घातली तरी त्या आवडीने खातील, त्यास हरकत नाही. साबुदाण्याची खिचडी मात्र कृपा करून घालू नका. तिच्यात तूप, मीठ, मिरची असते, आणि कूट किती दिवसांचा आहे हे तुम्हांसच ठाऊक!